टेकूवरची इमारत आणि घटनेतलं कवच

मे महिन्याच्या अखेरीस गिरगाव, काळबादेवी, भायखळा किंवा लालबागच्या गल्ल्यांतून चालत गेलात तर जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली, जिन्यांखाली लाकडाचे आणि लोखंडाचे टेकू उभे दिसतील. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. यादीत आपली इमारत आली की घर रिकामं करून संक्रमण शिबिरात जायचं. तिथून परत कधी येणार, हे खात्रीनं सांगता येत नाही. काहींची अख्खी पिढी शिबिरातच वाढली आहे.

अशा एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूला विचारा. तो म्हणेल, आजोबांनी पागडी देऊन ही खोली घेतली, तीन पिढ्यांची लग्नं आणि बारशी इथंच झाली, मालक दुरुस्तीचा एक पैसा खर्च करत नाही आणि इमारत पडली तर मरणार आम्ही. मालकाला विचारा. तो म्हणेल, जमीन माझी, इमारत माझी, भाडं येतं खोलीमागे पन्नास-शंभर रुपये, त्यात गळकी गच्चीसुद्धा दुरुस्त होत नाही, आणि आता सरकार म्हणतं की ही इमारत भाडेकरूंना देऊन टाक.

दोघंही खरं बोलत आहेत. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. एकाचा हक्क आणि सगळ्यांचं हित यांचा तोल राज्यघटना कसा सांभाळते, हे समजून घ्यायला मला या टेकूवरच्या इमारतीइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही. कारण याच इमारतींचा खटला सर्वोच्च न्यायालयात बत्तीस वर्षं चालला आणि शेवटी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला.

आधी इमारती या अवस्थेला कशा आल्या ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर फाळणीमुळे मुंबईत माणसं येत राहिली, घरं कमी पडली. भाडेकरू नाडले जाऊ नयेत म्हणून १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी ढोबळमानानं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. तेव्हा हे योग्यच होतं. पण कायदा पुन्हापुन्हा वाढवला गेला आणि भाडं मात्र तिथंच राहिलं. सिमेंट, मजुरी, पालिकेचे कर, सगळं वाढलं. मालकानं दुरुस्ती सोडून दिली. १९६९ साली सरकारनं दुरुस्तीसाठी एक मंडळ नेमलं आणि इमारतींवर उपकर लावला. तिथून या इमारतींचं नाव ‘उपकरप्राप्त’ किंवा बोलण्यात ‘सेस बिल्डिंग’ असं पडलं. मुंबई बेटावर अशा इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या.

या भाडेकायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९७ मध्ये एक गोष्ट सांगितली. ती माझ्या मते फार मोलाची आहे. कायदा जन्माला येतो तेव्हा वाजवी असतो, पण परिस्थिती बदलत गेली आणि कायदा जागचा हलला नाही तर तोच कायदा कालांतरानं अन्यायकारक होऊ शकतो. भाडी १९४० ला बांधून ठेवणं आता मनमानी ठरतं, असं न्यायालय म्हणालं. तरी कायदा तडकाफडकी रद्द केला नाही. त्याची मुदत संपतच आली होती आणि नवा कायदा करायला सरकारला वेळ हवा होता. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. म्हणजे तोल एकदा साधला की कायमचा साधला, असं होत नाही. तागडीतली वजनं काळाबरोबर बदलतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९८६ साली महाराष्ट्र सरकारनं म्हाडा कायद्यात आठ-ए नावाचं नवं प्रकरण घातलं. इमारतीतल्या ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मंडळ ती इमारत आणि खालची जमीन संपादन करून त्या संस्थेला देऊ शकेल. मालकाला किती मिळणार? महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. समजा इमारतीत वीस खोल्या आहेत आणि प्रत्येकीचं भाडं पन्नास रुपये आहे. महिन्याचे झाले हजार रुपये. शंभर पट म्हणजे एक लाख. गिरगावातली अख्खी इमारत जमिनीसकट एक लाखात!

मालकांची संघटना उच्च न्यायालयात गेली. आम्हाला समानतेचा हक्क नाही का, असं त्यांनी विचारलं. आणि इथं सरकारनं एक कवच पुढे केलं. त्या कवचाचं नाव अनुच्छेद ३१ सी. ते कसं घडलं हे कळायला राज्यघटनेच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

घटनेचा तिसरा भाग मूलभूत हक्कांचा आहे. समानता, भाषण, व्यवसाय, जीवित, धर्म. हे हक्क मोडले तर नागरिक थेट न्यायालयात जाऊ शकतो आणि सरकारचा कायदा रद्द करून घेऊ शकतो. चौथा भाग निदेशक तत्त्वांचा. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना मार्गदर्शक तत्त्वं म्हणून शिकलो. सरकारनं कुठल्या दिशेनं चालावं, हे त्यात सांगितलं आहे: सर्वांना उपजीविकेचं साधन, संपत्ती मूठभरांच्या हातात एकवटू नये, दुर्बलांचं शिक्षण, सार्वजनिक आरोग्य. यांच्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, असं अनुच्छेद ३७ सांगतो. पण त्याच वाक्यात पुढे म्हणतो की देशाच्या कारभारात ही तत्त्वं मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. (घटनेच्या भाषेत ‘राज्य’ म्हणजे केंद्र सरकार, राज्य सरकार, विधिमंडळ, महापालिका, सगळं आलं.)

न्यायालयात चालत नाहीत तर ही तत्त्वं लिहिलीच कशाला, हा प्रश्न संविधान सभेतही उठला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं. जो सत्तेवर येईल त्याला मनाला येईल तसं वागता येणार नाही, या सूचनांचा मान त्याला राखावाच लागेल. त्यानं तो राखला नाही तर न्यायालयात कदाचित जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे नक्की द्यावा लागेल. या उत्तरात एक मोठी अपेक्षा दडलेली आहे: मतदार हा जाब खरंच विचारेल, ही. पण त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

तर भांडण कुठं होतं? चौथ्या भागातलं ध्येय गाठायला सरकार कायदा करतं, आणि तो कायदा तिसऱ्या भागातल्या कुणाच्या तरी हक्काला धडकतो. घटना लागू होऊन वर्ष होतं न होतं तोच अशी पहिली मोठी धडक झाली. मद्रास सरकारनं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या जागा जातवार वाटल्या होत्या. दर चौदा जागांमागे कुठल्या समूहाला किती, हे ठरलेलं होतं. चंपकम दोराईराजन यांनी त्याला आव्हान दिलं. सरकार म्हणालं, दुर्बल घटकांचं शिक्षण हे आमचं घटनात्मक कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालय एप्रिल १९५१ मध्ये म्हणालं, असेल, पण निदेशक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या खालच्या पायरीवर राहायचं.

संसदेनं दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती केली आणि मागास घटकांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी करून दिली. शिवाय जमीनदारी नष्ट करणारे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून त्यांना संरक्षण दिलं. पुढची वीस वर्षं हाच खेळ चालला. न्यायालय हक्काच्या बाजूनं दार लावायचं आणि संसद दुरुस्ती करून ते उघडायची. एक सांगायला हवं: या काळात मालमत्तेच्या हक्काची ढाल पुढे करणारे बहुतेक जण जमीनदार, संस्थानिक, मोठे उद्योग होते. म्हणून हक्कांची बाजू म्हणजे गरिबांची बाजू, असं डोळे मिटून धरता येत नाही. आणि सरकारची बाजू म्हणजे गरिबांची, असंही नाही.

१९७१ साली पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३१ सी आला. त्यात दोन गोष्टी होत्या. निदेशक तत्त्वांपैकी ३९ बी आणि ३९ सी या दोन तत्त्वांसाठी केलेला कायदा समानतेचा किंवा स्वातंत्र्याचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, ही पहिली. आणि दुसरी अशी, की कायद्यात नुसतं लिहिलं की तो या तत्त्वांसाठी केला आहे, तर ते खरं आहे का हेही न्यायालयानं विचारायचं नाही. पहिलीला मी कवच म्हणतो. दुसरी म्हणजे कवचाच्या आत कोण बसलंय हे बघायलाही बंदी.

३९ बी काय म्हणतं? समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण अशा रीतीनं विभागलं जावं की त्यातून सर्वांचं हित उत्तम साधेल. ३९ सी म्हणतं की अर्थव्यवस्था अशी चालू नये की संपत्ती आणि उत्पादनाची साधनं मोजक्यांकडे एकवटतील आणि त्यानं सर्वांचं नुकसान होईल.

हे कवच तपासलं गेलं ते केशवानंद भारती खटल्यात. केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध न्यायालयात आले होते. त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला उभे राहिले, केरळ सरकारच्या बाजूनं एच. एम. सीरवाई. दोघेही मुंबईचे. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, आणि २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल: संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. या निकालाचं हे एवढंच वाक्य आपल्याला आठवतं. आपल्या इमारतीच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग वेगळा आहे. न्यायालयानं ३१ सी चा पहिला अर्धा वैध ठरवला आणि दुसरा कापून टाकला. कवच राहिलं, पण त्याच्या आत काय आहे हे उघडून बघण्याचा अधिकार न्यायालयानं स्वतःकडे ठेवला.

मग आणीबाणी आली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ते कवच दोन तत्त्वांवरून सगळ्याच निदेशक तत्त्वांवर पसरवलं. कुठलाही कायदा कुठल्या ना कुठल्या तत्त्वाशी जोडता येतोच. मग समानता आणि स्वातंत्र्य हे हक्क जवळपास कागदावरच राहिले असते. १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा विस्तार रद्द केला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलं की हे दोन भाग रथाच्या दोन चाकांसारखे आहेत, आणि त्यांच्यातला समतोल हाच भारतीय घटनेचा पाया आहे. एकाला दुसऱ्यावर पूर्ण वरचढ केलं तर घटनेतला मेळच बिघडतो. मूळचे पुण्याचे असलेले हे न्यायमूर्ती १९७३ मध्ये अल्पमताच्या सहांमध्ये होते, म्हणजे मूलभूत चौकटीच्या मर्यादेच्या विरोधात. सात वर्षांनी त्यांनीच त्या मर्यादेचा आधार घेतला. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती, हे विसरून चालणार नाही.

तेवढ्यात १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला होता. आज तो अनुच्छेद ३०० ए मध्ये आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. घटनात्मक हक्क तो आहेच, फक्त मूलभूत हक्कांच्या पंगतीत नाही.

आता पुन्हा गिरगावात या. म्हाडा कायद्यात सरकारनं लिहून ठेवलं होतं की हा कायदा ३९ बी साठी आहे. डिसेंबर १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३१ सी च्या आधारे मालकांची याचिका फेटाळली. कवच चाललं. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथं प्रश्न एका शब्दावर येऊन थांबला. खासगी मालकीची इमारत ही ‘समाजाची’ साधनसंपत्ती आहे का? हो म्हटलं तर कवच लागू आणि समानतेचा प्रश्न विचारायचाच नाही. नाही म्हटलं तर कवच गळून पडलं आणि शंभर पट भाड्याचं गणित न्यायालयापुढे उघडं.

जुनं उत्तर ‘हो’कडे झुकलेलं होतं. १९७७ मध्ये कर्नाटकातल्या बसगाड्यांच्या संपादनाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलं होतं की समाज माणसांनी बनतो, म्हणून माणसांची खासगी संपत्तीही समाजाचीच साधनसंपत्ती. तेव्हा सातांच्या पीठात ते धरून तिघांचंच हे मत होतं आणि उरलेल्या चौघांनी या मताशी आपण बांधील नाही असं स्पष्ट नोंदवलं होतं. पण पाच वर्षांनी संजीव कोक खटल्यात पाच न्यायमूर्तींनी त्याच अल्पमताचा आधार घेतला आणि ते जणू कायदाच झालं. मालकांचा खटला तीनच्या पीठाकडून पाचकडे, पाचकडून सातकडे आणि २००२ मध्ये नऊकडे गेला. मग बावीस वर्षं तसाच पडून राहिला. सुनावणी झाली २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये आणि निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला.

बहुमताच्या सात जणांचा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. वडिलांनी १९८० मध्ये कवचाचा विस्तार कापला होता. मग मूळचं, लहान कवच तरी उरलं की तेही गेलं, हा प्रश्न चव्वेचाळीस वर्षांनी मुलापुढे आला. उत्तर मिळालं: मूळचं कवच जिवंत आहे. केशवानंद खटल्यात जेवढं वैध ठरलं तेवढं.

दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं. प्रत्येक खासगी वस्तू ही समाजाची साधनसंपत्ती नसते. पण खासगी वस्तू ती कधीच होऊ शकत नाही, असंही नाही. ते ठरवायचं कसं? त्या साधनाचं स्वरूप काय, समाजाच्या भल्यावर त्याचा परिणाम काय, ते दुर्मिळ आहे का, आणि ते खासगी हातांत एकवटलं तर काय होईल, हे पाहून. जंगलाचं उत्तर एक येईल, तुमच्या गावाकडच्या दोन खोल्यांच्या घराचं वेगळं. सगळी खासगी संपत्ती समाजाची मानणं म्हणजे घटनेला एकाच आर्थिक विचारसरणीला बांधणं होय, असंही बहुमतानं म्हटलं. घटनाकारांना ते नको होतं. इथं आठवण होते ती संविधान सभेतल्याच १५ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेची. ‘समाजवादी’ हा शब्द घटनेत घालावा अशी के. टी. शाह यांची सूचना होती. आर्थिक व्यवस्था कशी असावी हे काळ पाहून लोकांनी स्वतः ठरवायचं, असं सांगून बाबासाहेबांनी तिला विरोध केला होता.

न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी काही अंशी वेगळं मत दिलं. रोजच्या वापरातल्या वैयक्तिक वस्तू सोडल्या तर बाकी खासगी संपत्ती समाजाच्या साधनसंपत्तीत येऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया पूर्ण विरोधात होते. देशातली विषमता संपलेली नाही, तेव्हा त्या शब्दांचा व्यापक अर्थ सोडायचं कारण काय, असा त्यांचा सवाल. मला बहुमताचा निष्कर्ष पटतो, कारण सरसकट ‘हो’ म्हटलं तर सरकारला कशाचंच कारण द्यावं लागणार नाही. पण धुलियांचा सवाल मनातून जात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कुटुंबाकडे पाहिलं की तर मुळीच नाही.

आणि मूळ खटला? आठ-ए प्रकरण वैध की अवैध हे नऊ जणांनी ठरवलंच नाही. त्यांच्यापुढे फक्त घटनेच्या अर्थाचा प्रश्न होता. बाकीचं काम नेहमीच्या पीठाकडे परत गेलं.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. कवच नसेल तेव्हा न्यायालय तोल कसा पाहतं? बहुतेक खटले असेच असतात. १९५२ साली व्ही. जी. रो यांच्या खटल्यातच न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की निर्बंध वाजवी आहे का हे हवेत ठरत नाही. कोणता हक्क आहे, कोणता अपाय रोखायचा आहे, तो किती तातडीचा आहे आणि निर्बंध त्याच्या मानानं जास्त तर नाही ना, हे एकत्र पाहावं लागतं. गेल्या दशकात, विशेषतः २०१७ च्या खासगीपणाच्या निकालानंतर, याला प्रमाणशीरतेची कसोटी म्हणतात. न्यायालय सरकारला ओळीनं विचारतं: तुमचा हेतू कायदेशीर आहे का? उपायाचा त्या हेतूशी खरंच संबंध आहे का? हक्काला कमी धक्का लावून तेच साधता आलं नसतं का? आणि शेवटी, जे मिळणार ते गमावलेल्याच्या तोलाचं आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर सरकारं सर्वांत जास्त अडखळतात. महाराष्ट्रातला डान्सबारचा वाद आठवा. २००५ साली सरकारनं डान्सबारवर बंदी घातली. हेतू सांगितला तो महिलांची प्रतिष्ठा आणि शोषणाला आळा. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवली. तोच नाच, पण गल्लीतल्या बारमध्ये अप्रतिष्ठा आणि पंचतारांकित हॉटेलात नाही, हे कसं? मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ही बंदी रद्द केली. ज्या महिलांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा होता त्यांचीच रोजीरोटी त्यानं बुडवली, हेही न्यायालयानं नोंदवलं. पुढे २०१६ च्या नव्या कायद्याचं जानेवारी २०१९ मध्ये काय झालं, ते अधिक शिकवणारं आहे. नाचाच्या जागी सीसीटीव्ही आणि शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतर या अटी गेल्या. रात्री साडेअकरापर्यंतची वेळमर्यादा आणि पैसे उधळण्यावरची बंदी राहिली. न्यायालय प्रत्येक अट सुटी करून वजन करत होतं.

गोवंश हत्याबंदीच्या कायद्याचंही तसंच झालं. बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरची बंदी मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कायम ठेवली. निदेशक तत्त्वांतला गोवंश रक्षणाबद्दलचा अनुच्छेद ४८ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल त्यामागे होता. पण परराज्यात कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचं मांस घरात बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. सरकारचा हेतू जनावरं वाचवण्याचा. माझ्या घरातल्या ताटात डोकावल्यानं महाराष्ट्रातला कुठला बैल वाचतो? दुसऱ्या प्रश्नावरच ते कलम अडकलं, आणि खासगीपणाचा हक्क त्याच्या आड आला. या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, एकाच कायद्याचा एक भाग उभा आणि दुसरा पडलेला, हे तोल साधण्याचं खरं चित्र आहे. ‘न्यायालयानं कायदा मान्य केला’ किंवा ‘फेटाळला’ अशा एका ओळीच्या बातमीत ते कधीच दिसत नाही.

आतापर्यंत मी हक्क आणि धोरण एकमेकांसमोर उभे असल्यासारखं लिहिलं. पण कधी कधी निदेशक तत्त्वच हक्काला जन्म देतं. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्या हटवायचं ठरलं आणि तिथली माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. ओल्गा टेलिस खटला तो हाच. १० जुलै १९८५ च्या निकालात यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. रोजगार हिरावून घेतला की जगणंच हिरावलं जातं. उपजीविकेबद्दलची निदेशक तत्त्वं वाचूनच न्यायालयानं जगण्याच्या हक्काचा अर्थ मोठा केला.

हा निकाल सगळे अभिमानानं सांगतात. त्याचा शेवट सहसा सांगितला जात नाही. पदपथ सर्वांसाठी आहेत, पालिकेला झोपड्या हटवायचा अधिकार आहे, आधी नोटीस द्या आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा, असा तो शेवट होता. ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी असंही सांगितलं गेलं. हक्क जिंकला, आणि तो मागायला आलेल्या बऱ्याच जणांचा आसरा गेला. तोल साधला असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तागडीच्या दुसऱ्या पारड्यात कोण बसलं होतं, हे पाहायला हवं.

शिक्षणाचा प्रवास जास्त समाधान देणारा आहे. मोफत शिक्षण हे आधी निदेशक तत्त्व होतं. न्यायालयानं १९९३ मध्ये त्याला हक्क म्हटलं, २००२ च्या दुरुस्तीनं ते मूलभूत हक्कांत आलं आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा (आरटीई) कायदा लागू झाला. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा देण्याला शाळांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून ती अट मान्य केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली, तेव्हा जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. कालचं धोरण आजचा हक्क झालं की सरकारला त्यातून सहज मागे फिरता येत नाही.

आता शेवटचं, त्या इमारतीकडे परत जाऊन. १९८६ च्या कायद्याला ते चार प्रश्न लावून पाहा. हेतू? माणसं ढिगाऱ्याखाली मरू नयेत. याहून चांगला हेतू कुठला असणार. उपायाचा संबंध? आहे, जो इमारतीत राहतो तोच तिची नीट काळजी घेईल. कमी धक्का लावणारा मार्ग? इथं मी थबकतो. मालकाला स्वतः पुनर्विकास करायची शेवटची संधी आधी द्यायला काय हरकत होती? आणि ज्या भाड्यांबद्दल न्यायालयच पुढे म्हणालं की ती मनमानी ठरली आहेत, त्याच भाड्याची शंभर पट ही मालमत्तेची किंमत कशी?

२०२० मध्ये विधिमंडळानं याच म्हाडा कायद्यात कलम ७९ ए घातलं आणि २०२२ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. इमारत धोकादायक ठरली की आधी मालकाला नोटीस, सहा महिन्यांत भाडेकरूंच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव आण. त्यानं नाही आणला तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तरच म्हाडा जमीन घेणार, आणि मोबदला म्हणून मालकाला रेडी रेकनरप्रमाणे (म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे) जमिनीच्या किमतीच्या पंचवीस टक्के किंवा विक्रीच्या बांधकामाच्या पंधरा टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. हा मोबदलाही कमी आहे असं मालक म्हणतील. वर्षभर नोटिसांच्या फेऱ्यांत गेलं तर टेकूखाली झोपायचं कुणी, असं भाडेकरू विचारतील. पण सरकार आता एकदम शेवटच्या उपायावर उडी मारत नाही, आधीच्या दोन पायऱ्या चढून तिथं येतं. शंभर पट भाड्यापासून इथवर यायला चौतीस वर्षं लागली. यंदाच्या यादीत ज्यांची इमारत आली आहे त्यांनी हातातली नोटीस कोणत्या कलमाखाली निघाली आहे, हे आधी वाचून घ्यावं. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत आणि हातात किती महिने आहेत, हे त्यावरून कळतं.